खिशातला चाकू आणि आईवडिलांची सही

आमच्या पिढीच्या कंपासपेटीत कर्कटक, कोनमापक, खोडरबर यांच्या सोबतीला एक अर्धं ब्लेड असायचंच. वडिलांनी दाढीला वापरून टाकलेलं टोपाझचं ब्लेड कागदात धरून मधोमध मोडायचं, एका कडेला जाड कागदाची घडी घालायची, की झाली पेन्सिलीला टोक काढायची सोय. गिरमिटात पेन्सिल फार झिजते असं घरोघरच्या आयांचं ठाम मत होतं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांना तर ड्रॉइंगचे सर ब्लेडनेच लांब टोक काढायला शिकवत. साठ मुलांचा वर्ग म्हणजे साठ ब्लेडं! बोटं कापत नसत असं नाही. कापलं की बोट तोंडात घालायचं, फारच झालं तर घरी गेल्यावर हळद. पण ब्लेड वापरायला परवानगी आहे अशी कुणाच्या आईवडिलांनी कुठल्या कागदावर सही केल्याचं आम्हांला आठवत नाही.

हेच अर्धं ब्लेड घेऊन आम्ही इथल्या, सांता क्लाराच्या एखाद्या शाळेत गेलो असतो तर? कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत ६२६.१० नावाचं एक कलम आहे. बारावीपर्यंतच्या कुठल्याही सरकारी वा खाजगी शाळेच्या आवारात ब्लेड किंवा खोकी उघडायचं कटर बाळगणं हा गुन्हा आहे, असं त्यात अगदी नाव घेऊन लिहिलेलं आहे. शिक्षकांनी कामासाठी आणायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आमचा साठ जणांचा अख्खा वर्ग, ड्रॉइंगच्या सरांची साक्ष मिळेपर्यंत, आरोपीच्या पिंजऱ्यात!

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आमची कन्या. वय वर्षे अकरा, इयत्ता सहावी. गेल्या वर्षी ती स्काउटच्या मुलींच्या पथकात दाखल झाली. पूर्वी ही संस्था फक्त मुलग्यांची होती. २०१९ च्या फेब्रुवारीपासून अकरा वर्षांवरच्या मुलींचीही पथकं निघाली, आणि २०२५ मध्ये तिने आपल्या नावातला ‘बॉय’ काढून ‘स्काउटिंग अमेरिका’ असं नाव घेतलं. तर या पथकात ‘टोटिन चिप’ नावाचं एक कार्ड मिळतं. चाकू, कुऱ्हाड आणि करवत कशी वापरायची, कशी जपायची, दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची हे शिकून, करून दाखवल्यावर ते मिळतं. कन्या एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, “मला स्वतःचा पॉकेट नाइफ हवा.” त्याबरोबर आम्हां दोघांच्या सह्या हव्या असलेला एक कागदही होता.

आम्ही दोघेही इंजिनिअर. एकाचं बालपण चिपळूणचं, दुसऱ्याचं कराडचं. पुढे इथे येऊन एम. एस., मग नोकरी, मग घर, हा आपल्यापैकी बहुतेकांचा ठरलेला रस्ता. इंजिनिअर माणसाला प्रश्न पडला की तो आधी आकडे शोधतो. आम्हीही ते शोधायला बसलो, आणि आकड्यांचीच मोठी गंमत निघाली.

वर सांगितलेल्या कलमाप्रमाणे अडीच इंचांहून लांब पात्याचा चाकू शाळेत नेणं गुन्हा. पातं उघडल्यावर जागच्या जागी अडकून बसणारा घडीचा चाकू असेल तर तो कितीही छोटा असो, गुन्हाच. मुलाला शाळेतून काढून टाकायचे नियम मात्र शिक्षणसंहितेत, ४८९१५ या कलमात आहेत. तिथे चाकूची व्याख्या वेगळी, आणि लांबीची मर्यादा साडेतीन इंच. तिसऱ्या एका कलमाप्रमाणे कसलाही चाकू जवळ सापडला तर मुलाला काही दिवस घरी बसवता येतं. म्हणजे चाकू एकच, आणि त्याला मोजायच्या पट्ट्या तीन! आमच्या कामात कुणी असं ड्रॉइंग पाठवलं तर आम्ही ते परत पाठवू. चाकू कुणावर उगारला तर हकालपट्टी अटळ. नुसता जवळ सापडला तर मुख्याध्यापकांना थोडा विचार करायची मोकळीक. हा शेवटचा भाग आम्हांला शहाणपणाचा वाटला. निदान कुठेतरी माणसाने डोकं चालवायला जागा ठेवली आहे.

आईवडिलांच्या जबाबदारीचाही आकडा आहे. अल्पवयीन मुलाने जाणूनबुजून कुणाला इजा केली किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर त्याचा ताबा असलेल्या पालकांना भरपाई द्यावी लागते, असं इथल्या दिवाणी संहितेचं १७१४.१ हे कलम सांगतं. मूळ मर्यादा पंचवीस हजार डॉलर्स, आणि दर दोन वर्षांनी ती महागाईप्रमाणे वाढवतात. आमच्या लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फुटली की शेजारीच कान पिळत, मग घरी आल्यावर पुन्हा एकदा कान पिळला जाई, आणि हिशेब तिथेच मिटे.

वाचकांना वाटेल, अमेरिकेत हे असंच चालायचं. पण ज्या जमिनीवर आज आपली ऑफिसं आणि टाउनहाउसेस उभी आहेत, तिथेच एके काळी लहान मुलांच्या हातात रोज चाकू असे. हे खोरं चिप्सच्या आधी फळबागांचं होतं. मैलोन्‌मैल जर्दाळू आणि आलुबुखाराची झाडं. जर्दाळू पिकला की थांबत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत बायका आणि मुलं शेडमध्ये टेबलांशी उभी राहून तो कापत. छोट्या चाकूने फळाच्या शिवणीवरून गोल कापायचं, बी काढायची, दोन्ही फोडी लाकडी ताटव्यावर उताण्या मांडायच्या. मग त्यांना गंधकाची धुरी आणि नंतर ऊन. मजुरी पेटीवर मिळे. शाळेचे कपडे, सायकल यांचे पैसे त्यातून उभे राहिल्याच्या आठवणी इथले जुने लोक अजून सांगतात. शेजारच्या सनीवेलमध्ये कम्युनिटी सेंटरजवळ दहा एकरांची जर्दाळूची बाग शहराने मुद्दाम राखून ठेवली आहे. तिथलं छोटं संग्रहालय मुलांना घेऊन एकदा जरूर पाहावं.

तेव्हा ‘पूर्वी चाकू, आता बंदी’ ही कथा काही कोकण आणि घाटावरचीच नव्हे. इकडेही शेड गेल्या आणि चाकूचं काम गेलं. काम गेल्यावर उरला तो फक्त चाकू, आणि कामाशिवायचा चाकू दिसला की कुणालाही धास्तीच वाटणार. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या मोंटारा गावात गेव्हर टली नावाच्या एका कॉम्प्यूटरवाल्याने २००५ मध्ये ‘टिंकरिंग स्कूल’ सुरू केलं. तिथे मुलं खरी करवत आणि खरे खिळे घेऊन खऱ्या वस्तू बनवतात. २००७ च्या एका भाषणात त्याने मुलांना करू द्याव्यात अशा पाच धोकादायक गोष्टी सांगितल्या. त्यांत विस्तव आणि भाला यांच्या जोडीला स्वतःच्या मालकीचा खिशातला चाकू होता. ते भाषण जगभर गाजलं. टाळ्या वाजवणाऱ्या किती पालकांनी घरी जाऊन चाकू घेऊन दिला, हे कळायला मार्ग नाही.

शाळा इतक्या कडक का झाल्या याचीही कारणं आहेत, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. १९९४ मध्ये शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला वर्षभर काढून टाकण्याचा केंद्रीय कायदा झाला. १९९९ मध्ये कोलोरॅडोतलं कोलंबाइन घडलं. कायदा बंदुकीचा, पण बऱ्याच ठिकाणी तोच कडकपणा चाकूलाही लावला गेला. २००९ मध्ये डेलावेअर राज्यातल्या नेवार्कला पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने कब स्काउटचं चमचा-काटा-सुरी एकत्र असलेलं घडीचं साधन जेवायला म्हणून शाळेत नेलं, आणि त्याच्यावर पंचेचाळीस दिवस सुधारशाळेत जायची वेळ आली. देशभर गलका झाल्यावर तिथल्या स्कूल बोर्डाने सगळ्यांत लहान मुलांपुरता नियम सैल केला. दुसऱ्या टोकाला मिशिगनमध्ये २०२१ साली एका मुलाने शाळेत गोळीबार करून चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला, आणि २०२४ मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बंदूक त्यांनीच घेऊन दिली होती. सहीच्या कागदाकडे पाहताना हेही मनात असतंच.

भारतीय मुलं आणि पातं हा प्रश्न तर इथल्या कोर्टातही जाऊन आला आहे. आपल्याकडून दीड-दोन तासांवर लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे. १९९४ मध्ये तिथल्या एका शीख कुटुंबातल्या तीन भावंडांना कृपाण घालून शाळेत यायला मनाई झाली. आईवडिलांनी दावा लावला. अपील कोर्टाने तडजोड ठरेपर्यंत मुलांना शाळेत घ्यावं असं सांगितलं. व्यवस्था ठरली ती अशी: पातं साडेतीन इंचांच्या आत, धार बोथट, कृपाण म्यानात शिवून टाकलेलं, आणि ते तसंच आहे ना हे शाळेने अधूनमधून तपासायचं. १९९५ मध्ये कोर्टाने ही व्यवस्था कायम केली. आम्हांला या निकालात धर्माइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळा, पालक आणि मुलं यांतल्या प्रत्येकाने थोडं थोडं काम अंगावर घेतलं. कुणी एकाने सही करून हात झटकले नाहीत.

भारतातलं चित्र रंगवताना आम्ही मंडळी फार लवकर भावुक होतो. चिपळूणला ओले काजू कापायला, फणस फोडायला मुलांच्या हाती कोयती यायची हे खरं. कराडला शाळेच्या वाटेवर उसाच्या कांड्या कोयत्याने तासून खायचो हेही खरं. पण याच कराडच्या फडांवर बीडहून आलेली कुटुंबं ऊस तोडत असत. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं मोजायची ती हत्यारावर! त्यांची मुलं आमच्याच वयाची, त्यांच्याही हातात पातं, पण त्यांना त्यानंतर शाळेत जायचं नसे. ‘आमच्या वेळी मुलं कशी धीट होती’ असं म्हणताना कुठली मुलं, हे विचारायला हवं.

आणि २०२२-२३ मध्ये तोच कोयता पुण्यात निराळ्या कारणाने गाजला. रस्त्यात कोयते नाचवून दुकानं फोडणाऱ्या, लोकांना धमकावणाऱ्या टोळ्यांना वर्तमानपत्रांनी ‘कोयता गँग’ हे नाव दिलं, आणि पकडलेल्यांत मिसरूडही न फुटलेली मुलं निघाली. कोयता विकत घेणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवावी, अशी पाळी दुकानदारांवर आली. भारताच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हत्यारात मोजतात, पण घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. कोयता शेतात असला की अवजार, रस्त्यात असला की हत्यार. तो कुठे आहे आणि कुणाच्या नजरेखाली आहे, यावर सगळं.

आमच्या ओळखीत घडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. एका मराठी कुटुंबातला सातवीतला मुलगा शनिवार-रविवार सांताक्रूझच्या डोंगरात कँपला गेला. सोमवारी तेच जाकीट घालून शाळेत. दुसऱ्या तासाला खिशात हात घातला तर चाकू. मुलगा सरळ बाईंकडे गेला आणि चाकू त्यांच्या टेबलावर ठेवला. पुढे ऑफिस, आईला फोन, एक दिवस घरी, फाइलमध्ये नोंद. शाळेचं नाव घ्यायचं कारण नाही. कुठल्याही शाळेत याहून फार वेगळं झालं नसतं.

पण खरी चर्चा झाली ती कोजागिरीला, मसाला दुधाचे पेले हातात घेऊन. दहातल्या आठ जणांचं म्हणणं, “सांगितलं कशाला त्याने? गुपचूप खिशात ठेवून घरी आणायचा.” यांत चांगले शिकलेसवरलेले, पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारे आईबाप होते. व्यवहार म्हणून सल्ला चुकीचा नाही. हजारदा असा चाकू खिशातून परत घरी आला असेल. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराने हे ऐकलं की त्याला कळतं की नियम कडक असला तर मोठ्यांपासून लपवायचं. आज चाकू, सोळाव्या वर्षी आणखी काही, आणि तेव्हा ते आपल्यापासूनही लपवलं जाईल. त्या मुलाच्या वडिलांनी मात्र फार छान केलं. सुटी टाकून तो दिवस त्याच्याबरोबर घरी काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मुख्याध्यापकांना भेटायला गेले. तिथे फक्त एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी चूक लक्षात आली तर त्याने पुन्हा तुमच्याकडेच यावं असं आम्हांला वाटतं, तुम्हांला काय वाटतं? नोंद पुसली गेली नाही. पण मुख्याध्यापकांनी तिच्याखाली, मुलाने स्वतःहून चाकू दिला, असं एक वाक्य लिहिलं. आमच्या मते पालकांची जबाबदारी म्हणतात ती हीच, आणि ती पंचवीस हजार डॉलर्समध्ये मोजता येत नाही.

आमच्या घरातला निकाल मात्र आमच्या हातून झालाच नाही. चिपळूणची आजी त्या वेळी सहा महिन्यांसाठी इकडे आलेली होती. आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी कागदपत्रं पसरून, अडीच इंच की साडेतीन इंच करत बसलेलो. आजी ओट्यापाशी उभी. तिने विचारलं, “कसली एवढी खलबतं चाललीत रे?” सांगितलं. ती म्हणाली, “अरे, मग ती काय करत्येय बघा आधी.”

पाहिलं तर कन्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून विळीवर काकडी चिरत होती! आजीने येताना सुटकेसमध्ये साडीत गुंडाळून घडीची विळी आणलेली. उघडं, उभं, चांगलं सहासात इंचांचं पातं. पायाने दाबून धरायचं आणि दोन्ही हातांनी भाजी त्याच्यावर न्यायची. कुठल्याही कलमात बसेल असं ते साधन, आणि गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी हे चाललेलं. आम्ही त्या वेळी मीटिंगमध्ये.

“कापलं नाही का गं कधी?” आम्ही विचारलं.

“एकदा कापलं. आजीने हळद लावली,” कन्या म्हणाली. “आणि आजी बाजूलाच बसते ना.”

मग आजीने आपले नियम सांगितले. विळीवर बसलं की बोलायचं नाही. उठताना पातं मिटवायचं, अर्ध्या कामातून उठलं तरी. आणि चाकू, सुरी, कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. कन्या हे ऐकून हसायला लागली. तिच्या पथकातही जवळजवळ तेच शिकवतात. मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करून स्वतःभोवती गिरकी घ्यायची, त्या वर्तुळात कुणी येत असेल तर पातं उघडायचं नाही. दुसऱ्याला देताना मिटवूनच द्यायचा, आणि घेणाऱ्याने ‘थँक यू’ म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. नियम मोडला तर बऱ्याच पथकांत कार्डाचा एक कोपरा कापतात. चारही कोपरे गेले की कार्ड गेलं. आजीला ही कोपऱ्यांची पद्धत फार आवडली. “आमच्याकडे कोपरे नव्हते, धपाटे होते,” ती म्हणाली.

आम्ही सही केली. चाकू घेतला तो लाल रंगाचा, व्हिक्टोरिनॉक्सचा सगळ्यांत छोटा. मिटलेला ५८ मिलिमीटर, पातं जेमतेम दीड इंच, न अडकणारं. आमच्या लहानपणी असा ‘स्विस नाइफ’ कुणाच्या तरी काकांनी ‘फॉरेनहून’ आणलेला असायचा, आणि तो वापरायचा नसून कपाटात ठेवायचा असे. हा वापरायचा आहे. त्याची जागा ठरली स्वयंपाकघरातल्या खणात, आजीच्या अडकित्त्याशेजारी. दप्तरात नाही, जाकिटात नाही, गाडीतही नाही. रविवारी रात्री कँपचे कपडे धुवायला टाकताना सगळे खिसे उलटे करायचे, आणि ते काम आम्हां दोघांपैकी एकाचं, तिचं नव्हे. शाळेत चुकून गेलाच तर काय करायचं, हे तिला त्या मुलाच्या गोष्टीसकट सांगून ठेवलं आहे. विमानतळाचंही सांगावं लागलं. २००१ च्या सप्टेंबरपूर्वी चार इंचांपर्यंतचा चाकू खिशात घालून इथल्या विमानात बसता येत असे, हे तिला खरंच वाटेना. छोट्या चाकूंना पुन्हा परवानगी द्यायचा बेत २०१३ मध्ये निघाला आणि तीन महिन्यांत बारगळला.

चाकू आला, पण त्याने करायचं काय? इथे ना काजू, ना ऊस, ना जर्दाळूच्या शेड. भाजी तर विळीवर. मग आम्ही तिला विटी करायला सांगितलं. दांडू कुठल्याही फळीचा होतो, पण विटीला दोन्ही टोकं सारखी निमुळती हवीत, आणि ते काम छोट्या चाकूचंच. मागच्या अंगणातल्या झाडाची छाटलेली फांदी घेऊन ती रोज अर्धा तास पायरीवर बसते. पातं अंगापासून दूर, लांब लांब साली काढत. आमच्यापैकी एक जण जवळ बसतो, आणि त्या अर्ध्या तासात फोन घरात राहतो. ही अट तिची, आमची नव्हे. आजीला चिपळूणला परत जाऊन आता दोन महिने झाले. विळी ती इथेच ठेवून गेली. विटी अजून नीट उडत नाही, कारण एका बाजूला उतार जास्त झालाय. कन्या आता दुसरी करायला घेणार आहे, आणि त्यासाठी तिने कंपासपेटीतली मोजपट्टी मागून घेतली आहे.